शेंदराखालचं पितळ

अकोटच्या मोटारस्टँडवर पोलीस जमादार म्हणाला, "ड्रम टपावर टाका."

माझ्या बाने ड्रम छातीशी धरला होता. "टपावर नाई. माह्या मांडीवर राहीन."

"मुद्देमाल हाय तो, लेकरू नाई."

तरी बाने सोडला नाही. शेवटी जमादाराने बाला शेजारी बसवलं आणि ड्रमच्या दोरीत आपलं मनगट अडकवून घेतलं. मी मागच्या बाकावर बसलो. पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, आमच्या गावचे पाटील आणि त्यांचा पुतण्या होते. पुतण्याचा जबडा तारेने बांधलेला होता. तो जबडा मी मोडला होता. माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याने तोडली होती. आणि आम्ही सगळे एकाच मोटारीतून अमरावतीला चाललो होतो, कारण तो ड्रम किती वर्षांचा आहे हे कोर्टाला जाणून घ्यायचं होतं.

आमचं गाव अकोटपासून तीन कोसांवर. नाव लिहीत नाही. तिथे अजून माणसं राहतात, आणि त्यांची नातवंडं आता आमच्या भावकीच्या नातवंडांबरोबर एका बाकावर बसतात असं ऐकतो.

ड्रम म्हणजे बँडवाल्यांचा साइड ड्रम. अंग पितळेचं, वर-खाली लाकडी कडी, आणि त्या कड्यांमधून नागमोडी गेलेली दोरी. खालच्या कातड्याला तातीच्या, म्हणजे आतड्याच्या बारीक तारा ताणलेल्या असत. त्यामुळे वर काडी पडली की खालून चरचर निघे, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. आमचा आजा पहिल्या मोठ्या लढाईत लामावर, म्हणजे आघाडीवर गेला होता, बसऱ्याकडे. तिथल्या गोऱ्या साहेबाने खूश होऊन त्याला हा ड्रम बक्षीस दिला, असं बा सांगत असे. पाहुणा आला की सांगे, भांडण झालं की सांगे, ताप चढला तरी सांगे.

वाजवायचा माझा भाऊ. मी झांजा धरायचो. हंगामात आम्ही दोघेही अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला असायचो. सरकीचा कोंडा नाकात घेऊन तो दिवसभर मशीनच्या ठेक्यावर बोटं आपटत बसे. अंगाने किरकोळ माणूस, पण खांद्यावर पट्टा चढवला की म्हातारे उठून उभे राहत.

छप्पन सालापर्यंत आम्ही गावाचं सगळं वाजवलं. मारुतीचा जन्म, पाटलांकडची लग्नं, बैलांची मिरवणूक. वाजवायचं आणि देवळाच्या पायरीपासून दहा हात लांब उभं राहायचं. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या आठवड्यात बाने घरातले देव काढले, ड्रमच्या अंगावर आमच्या जन्माआधीपासून शिवलेली जाड कापडाची खोळ उतरवली आणि त्याला निळा रंग दिला. स्वतःच्या हाताने दिला, आम्हाला हात लावू दिला नाही. त्यानंतर गावाचं वाजवणं बंद. मेलेलं जनावर ओढणं बंद. पहिलं वर्ष गाव गप्प राहिलं. दुसऱ्या वर्षी चैत्रात मारुतीच्या जन्माला बोलावणं आलं, आम्ही गेलो नाही. आणि त्याच महिन्यात आमची जयंतीची मिरवणूक चावडीसमोरून निघाली.

दुपारचे चार वाजले असतील. मिरवणुकीत बायका पुढे होत्या, पांढरी लुगडी नेसून. चावडीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली दिसली. त्यांच्या मांड्यांशेजारी काठ्या होत्या, त्या मी पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. पाटलांचा पुतण्या उतरून रस्त्यात आला. हातात कुऱ्हाड. तो माझ्याच वयाचा. सातवीपर्यंत एका शाळेत होतो आम्ही, तो बाकावर आणि मी भिंतीशी.

"ड्रम खाली ठेव," तो भावाला म्हणाला. "गावाचा हाय तो."

भाऊ थांबला नाही. वाजवता वाजवताच म्हणाला, "गावाचा असन तर गावानं कावून नाई वाजवला आजवर?"

मागून कोणीतरी हसलं. मला वाटतं, ते हसणं झालं नसतं तर कदाचित शिव्यांवर भागलं असतं. पुतण्याने कुऱ्हाड उचलली आणि ड्रमवर घातली. पितळ आत गेलं, आवाज असा झाला की माझे दात दुखले. भावाने ड्रम सावरायला उजवा हात वरच्या कड्यावर टाकला. दुसरा घाव त्या हातावर पडला.

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. लाकडी कड्यावर ती क्षणभर टेकून राहिली, मग धुळीत पडली. भाऊ ओरडला नाही. तो हाताकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता. मग रक्त आलं, एकदम, निळ्या रंगावरून दोरीत उतरलं आणि त्याचे गुडघे वाकले.

मी झांजा टाकल्या. भावाच्या गळ्यातला पट्टा ओढून काढला, ड्रम दोन्ही हातांनी कड्यांना धरला आणि पुतण्याच्या तोंडावर मारला. खालचा जबडा सरकलेला मला हातांत जाणवला. तो मागे गेला, मी पुढे गेलो, पुन्हा मारला. तो पडला. पडलेल्यावर तिसरा मारला. ही गोष्ट मी कोर्टात वेगळी सांगितली होती. कोर्टात सांगितलं की घाबरून एकदा मारलं. इथे खरं लिहितो. तीनदा मारलं, आणि तिसऱ्या वेळी मला आनंद झाला. असा आनंद मला पुढे लग्नात झाला नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. त्याची मला लाज वाटते, पण तो झाला नव्हता असं म्हणता येत नाही.

मग काठ्या आल्या. माझ्या तीन बरगड्या मोडल्या. आमच्या वस्तीतल्या घरांच्या छपरांची कवेलू फोडली, एका म्हातारीच्या डोक्यात दगड घातला. ती वाचली, पण पुढे माणसं ओळखेनाशी झाली. पांढऱ्या लुगड्यांची अवस्था काय झाली ते लिहवत नाही. भावाची बोटं कोणी उचलली नाहीत. नंतर शोधायला गेलेल्या माझ्या आईला ती सापडली नाहीत.

पोलीस आले ते दोन्हीकडच्यांना घेऊन गेले. ठाण्यात मला पट्ट्याने मारलं, मोडलेल्या बरगड्यांच्या बाजूने. दर फटक्यामागे एकच प्रश्न होता, "ड्रम कोणाचा?" मी म्हणायचो, "आमचा." पुन्हा फटका. पाटलांनी आधीच लिहून दिलं होतं की ड्रम गावाचा, त्यांच्या लग्नाच्या साली गावाने मेरठच्या व्यापाऱ्याकडून नवा घेतला, मारुतीपुढे वाजवायला म्हणून शेंदरी रंगवला, आणि आमच्याकडे नुसता सांभाळायला ठेवला. आम्ही तो निळा करून चोरला. त्यांची माणसं तो परत मागायला आली तर मी त्यांच्या पुतण्याचा जबडा फोडला.

आम्हाला जामिनावर सोडवणारे वकील अकोल्याचे. म्हातारे, कोट नेहमी खांद्यावर पांढरा झालेला. त्यांनी सगळं ऐकलं आणि बाला विचारलं, "तुमच्या वडिलांना बक्षीस मिळाल्याचा कागद आहे का?"

"नाई जी."

"साक्षीदार?"

"मेले सगळे."

पाटलांनी लिहून दिलेलं वकिलांनी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पाटलांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली. ड्रम त्याहून जुना निघाला, तर नवा घेतला म्हणणारा पाटील खोटा पडतो. ड्रमचं वय काढता येतं का कोणाला?"

मीच सांगितलं, अमरावतीला इतवाऱ्यात एक मिस्त्री आहे. मुसलमान, सत्तरीचा, तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये होता, आता ड्रम आणि पेट्या दुरुस्त करतो. भाऊ त्याच्याकडून तात आणायचा. वकिलांनी अर्ज केला, कोर्टाने मान्य केला. ड्रम जमादाराच्या ताब्यात जायचा, दोन्ही पक्षांनी हजर राहायचं. घरी बा माझ्यावर उखडला. "कायले उकरून राहिला? म्या सांगतलं ते पुरं नाई का?" मला वाटलं, त्याला कोर्टाची भीती वाटते.

दर्यापूरला मोटार चहासाठी थांबली. पुतण्याला चावता येत नव्हतं. त्याने बशी तोंडाला लावली, चहा तारांमधून आत गेला आणि अर्धा हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला. पाटलांनी आपल्या उपरण्याने त्याचं तोंड पुसलं. मी बघत होतो. त्यानेही माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांत चार पावलांचं अंतर होतं. मी माझ्या आत दया शोधली, सापडली नाही. पण चहाही प्यायला गेला नाही, ओतून दिला.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक बोळकंडी. भिंतीवर सोललेले ड्रम टांगलेले, सरसाचा वास. त्याने जमादाराचा कागद वाचून घेतला, आमच्यापैकी कोणाकडेच पाहिलं नाही आणि ड्रम दोन पायांत घेतला. दोरीवर वाळलेलं रक्त होतं. त्यावर बोट फिरवून तो म्हणाला, "ये किसका?"

"माह्या लेकाचं," बा म्हणाला.

मिस्त्रीने चाकू काढून ती दोरी कापली. मग वरचं कातडं चरकन फाडून काढलं. बाने डोळे मिटले. आतला अंधार मिस्त्रीने खिडकीकडे फिरवला, पितळेचा सांधा नखाने चाचपला, कडी हुंगली.

"कडी बाद की हाय. शिसमची. नागपुरात बनते अशी. अंग मात्र बाहेरचं."

पाटील पुढे सरकले. "रंग खरवडा. निळ्याखाली शेंदरी निघन. नाई निघाला तर मी आत्ताच्या आत्ता गावाले परततो."

"शेंदरी कधीच नव्हता," बा मोठ्याने म्हणाला. "साहेबाच्या हातचा ड्रम तो. त्याले शेंदूर कोण लावन?"

मिस्त्रीने पातीने निळा रंग खरवडायला सुरुवात केली. निळ्या सालपट्या त्याच्या लुंगीवर पडत गेल्या. आणि खालून शेंदरी निघाला. लखलखीत, जणू कालच लावलेला. पाटील हसले. पुतण्याने बांधलेल्या तोंडातून एक आवाज काढला. मी बाच्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. मला एकदम कळलं की हा रंगही त्यानेच दिला असेल, कोणीतरी सांगितलं म्हणून, कधीतरी तरुणपणी. आणि निळा देताना आम्हाला हात लावू दिला नाही तो एवढ्यासाठीच.

"थांबा ना जी," मिस्त्री पाटलांना म्हणाला. "खरवडू द्या." त्याने पाती जोराने दाबली. शेंदराखाली काळपट हिरवा रंग होता, आणि त्या हिरव्यावर पिवळ्या रेघा: मुकुटाचा अर्धा भाग, खाली एक पट्टी, पट्टीत इंग्रजी अक्षरं झिजलेली. मिस्त्री पहिल्यांदाच हसला. "हे पलटणीचं निशाण हाय. मेरठचा व्यापारी मुकुट रंगवून नवा माल विकत नाही. पाटील, हा तुमच्या शेंदराच्या आधी फौजेत होता."

पाटलांचं हसू गेलं. मी बाचा खांदा धरला. आता तो उठेल, सांगेल, साहेब, बसरा, सगळं सांगेल. पण बा म्हणाला, "झालं ना? पुरं करा आता. बांधा तो."

"साल नको का?" मिस्त्री म्हणाला. त्याने हिरवाही काढला. पितळ उघडं झालं. पितळेला एक बारीक भोक असतं, हवा जायला; त्याच्याजवळ ठसे होते. मिस्त्रीने भिंग घेतलं. विलायतेतल्या कारखान्याचं नाव अर्धवट. त्याखाली आकडे: एक, नऊ, शून्य. चौथा आकडा कुऱ्हाडीच्या पोच्यात चिरडला गेला होता.

"उन्नीससौ के बाद, दहा के पहले," मिस्त्री जमादाराला म्हणाला. "लिहा. पन्नास साल, थोडं इकडे-तिकडे. पाटलांच्या लग्नाले वीस वर्षं बाकी होती तवा."

जमादार लिहू लागला. मिस्त्रीने भिंग अजून थोडं सरकवलं. "आणि हे बघा. हा बाण. बाण म्हणजे सरकारी माल. आणि त्याच्या टोकाले टोक लावून हा दुसरा बाण. दोन बाण समोरासमोर ठोकले म्हणजे सरकारनं माल विकून टाकला. छावणीत लिलाव होत. मी स्वतः पाहिले."

मी न राहवून बोललो. "म्हणजे बक्षीस नाई? इकत घेतला आज्यानं?"

बाने उलट्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. मी ड्रमच्या सालपटांत पडलो. तो वाकून पुन्हा मारायला लागला, कानावर, मानेवर, आणि मोडलेल्या बरगडीवर लाथ बसली तेव्हा मला दिसेनासं झालं. जमादाराने त्याला कमरेला धरून ओढलं. चार वर्षांपूर्वी त्याने माझ्यावर शेवटचा हात उचलला होता. आता मी तेवीस वर्षांचा होतो. दारात पाटील आणि पुतण्या उभे राहून पाहत होते, आणि त्या दोघांतला कोणीही हसला नाही.

परतीच्या मोटारीत बा माझ्या शेजारी येऊन बसला. ड्रम आता जमादाराच्या मांडीवर होता, सोललेला. अंजनगाव मागे पडलं. मग बा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"माह्या मायनं सांगतलं होतं. लढाईहून आल्यावर त्यानं तिची चांदीची सरी मोडली अन् छावणीतून हा आणला. भांडली म्हणे ती, सरीसाठी."

"मंग बक्षीस कावून सांगतलं?"

बाने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. "तुह्या आज्यानं इकत घेतला म्हणलं असतं तर गाव म्हणलं असतं, याच्यापाशी पैसा कुठून आला, चोरला असन. साहेबानं देल्ला म्हणलं की कोणी इचारत नव्हतं. चाळीस वर्सं कोणी इचारलं नाई. तू इचारलं."

माझा ओठ फुटला होता, तो मी जिभेने चाटत बसलो.

केस दोन वर्षं चालली. मिस्त्री अमरावतीहून अकोल्याला साक्षीला आला, शेरवानी घालून. पाटलांच्या वकिलाने त्याला विचारलं, तुम्ही ड्रमचे डॉक्टर आहात का? तो म्हणाला, "जी नाही, पण मेलेला कधी मेला ते सांगू शकतो." कोर्टात हशा पिकला. नवा घेतल्याची गोष्ट पडली. ड्रम आमच्या ताब्यात द्यायचा हुकूम झाला. पुतण्याला दीड वर्ष, इतरांना दंड. मला चार महिने, कारण डॉक्टरच्या कागदात जबडा तीन ठिकाणी मोडल्याचं लिहिलं होतं, आणि घाबरून मारलेल्या एका फटक्याने तसा मोडत नाही असं जज्जसाहेबांनी निकालात लिहिलं. साहेबांचं बरोबर होतं.

निकालाच्या दिवशी आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवलं होतं, मध्ये शिपाई. पुतण्याचं तोंड एका बाजूला वाकडं जुळलं होतं, बोलताना शब्द घसरायचे. तो म्हणाला, "मले खरंच गावाचा वाटला होता. लहानपणापासून तसंच ऐकलं."

मी म्हणालो, "मीही लहानपणापासून दुसरंच ऐकलं."

"तुह्या भावाचा हात कसा हाय?"

त्यावर मी उत्तर दिलं नाही. आजही देणार नाही.

जेलातून सुटलो तोवर बाने गावातलं घर मोडून अकोल्यात गिरणीच्या मागे एक खोली घेतली होती. भाऊ तिथे गेटवर पहारेकरी लागला होता. तीन बोटांच्या हाताने सलाम करायचा, लोक आधी हसायचे, मग सवय झाली. ड्रम खोलीत खुंटीला होता, पोचा तसाच, रंग नाही. बा त्याच्याकडे पाठ करून जेवायचा. पाहुणे आले तर आता काहीच सांगत नसे.

एका रविवारी दुपारी भावाने तो काढला. अमरावतीहून कातडं आणि तात आणलेली होती, मला न सांगता. डाव्या हाताने आणि दातांनी दोरी आवळली. मग पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि काड्या माझ्या हातात दिल्या.

"मले नाई जमत, दादा. मी झांजवाला."

"ज्या हातानं मारलं, त्याच हातानं वाजव," तो म्हणाला.

मी वाजवू लागलो. त्याने जिनिंगमधली एक पट्टी घेतली आणि पहिली चूक झाली तशी माझ्या मनगटाच्या हाडावर मारली. दुसरी चूक, पुन्हा मारली. "ढिला सोड हात. मुठीत दाबून राहिला. कोणाचा जबडा नाई तो." महिनाभर दर रविवारी असंच चाललं. माझी मनगटं सुजून निळी पडली, आई त्यांवर हळद बांधायची आणि भावाला शिव्या द्यायची. एकदा त्याने इतकं मारलं की काडी उडून भिंतीवर आपटली. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो रडत होता आणि मारत होता, आणि मी हात मागे घेतला नाही.

पुढच्या चैत्रात अकोल्यातल्या मिरवणुकीत मी तो वाजवला. भाऊ माझ्या पुढे उलटा चालत होता, माझ्या हातांकडे बघत, सबंध रस्ताभर.